छप्पर शोधणारी दोन माणसे

१/ मराठी साहित्यात छप्पर शोधत हिंडणारी दोन माणसे आहेत. एक रंगभूमीवरून निवृत्त झालेला वृद्ध नट, दुसरा रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण. दोघांचेही निर्माते नाशिकचे. आज या दोघांना शेजारी बसवून पाहू या. #थ्रेड

२/ आधी पार्श्वभूमी. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली पंचवटीतील काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे काही वर्षे नेटाने चालवला. १९३२ मध्ये विशीतला एक तरुण त्यात सहभागी झाला: वि. वा. शिरवाडकर, अर्थात कुसुमाग्रज.

३/ सत्याग्रह सुरू झाला त्याच वर्षी, १७ जुलैला, नाशिकच्या विहितगावात बाबूराव बागूल यांचा जन्म झाला. आत कोणी यावे आणि कोणी बाहेर राहावे, हा प्रश्न मंदिराच्या दारापाशी उभा होता. पुढे या दोन्ही लेखकांनी तोच प्रश्न घराच्या दारापाशी आणला.

४/ १९७० साली शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आले. डॉ. श्रीराम लागूंनी गणपतराव बेलवलकर उभे केले. शेक्सपिअरचा लिअर राज्य वाटून देतो. गणपतराव मिळकत मुलांच्या स्वाधीन करतात. मग मुलाच्या घरी अवहेलना आणि मुलीच्या घरी चोरीचा आळ पदरी येतो. पत्नी कावेरीही जाते. रंगमंचावर राजे जगलेला माणूस रस्त्यावर येतो.

५/ बागूलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ चा. शीर्षककथेतला तरुण गुजरातमध्ये रेल्वेच्या नोकरीसाठी जातो आणि खोली मिळावी म्हणून जात लपवतो. खोली मिळते, सहकाऱ्यांचा स्नेहही मिळतो. पण तो स्नेह आपला की आपल्या मुखवट्याचा? सत्य उघड होताच मारहाण होते. सुरतेत रेल्वेत असताना स्वतः बागूलांनाही खोलीसाठी जात लपवावी लागली होती.

६/ या दोघांतील भेद नीट पाहावा. गणपतरावांना सारे ओळखतात, तरी घर उरत नाही. बागूलांच्या नायकाला घर मिळते ते ओळख पुसल्यावरच. एक आपले दुःख मोठ्याने बोलू शकतो. दुसऱ्याला प्रत्येक शब्द तोलून बोलावे लागते.

७/ आसरा मात्र दोघांनाही घराबाहेर लाभतो. गणपतरावांना जवळ करतो बूटपॉलिश करणारा राजा. कथेतल्या तरुणाला वाचवतो काशिनाथ, जो आपली जात कधीच लपवत नाही. राजा रक्ताच्या नात्यापलीकडची माया देतो. काशिनाथ मुखवट्याशिवाय जगता येते, हे दाखवतो. दोन्ही नायक इथवर येतात तेव्हा ते आरंभीचे राहिलेले नसतात.

८/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला यातून काय मिळते? संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ मध्ये तिच्या पालनासाठी शिक्षेचा कायदाही झाला. केवळ ही कागदपत्रे वाचली तर प्रश्न मिटला असे वाटेल. त्यानंतर आठ वर्षांनी आलेली एक कथा सांगते की घरमालकाच्या ओठांवर तो अजून होता. कथा म्हणजे खटल्याची नोंद नव्हे. पण जे कोणत्याही नोंदवहीत चढले नाही, त्याची ती साक्ष असू शकते.

९/ पंचवटीत गेलात तर काळारामाच्या दारापाशी क्षणभर थांबा. आणि नव्या शहरात खोली शोधताना कोणी आडनाव विचारले, तर हा प्रश्न किती जुना आहे, हेही आठवा.