बझबींच्या आधीचं बाळसं

मँचेस्टर युनायटेडच्या ‘बझबी बेब्ज’ची गोष्ट निघाली की सगळं श्रेय मॅट बझबींच्या पदरात पडतं. ते व्यवस्थापक म्हणून आले १९४५ मध्ये. पोरं घडवणारा ‘मँचेस्टर युनायटेड ज्युनिअर अ‍ॅथलेटिक क्लब’, म्हणजे मुजॅक, मात्र १९३८ मध्येच निघाला होता.

त्यामागे ध्येयवादापेक्षा कडकी जास्त होती, असं मला वाटतं. १९३१ च्या नाताळात क्लबकडे पगारालाही पैसे नव्हते. गणवेशांचे कारखानदार जेम्स गिब्सन यांनी खिशात हात घातला म्हणून तो तगला. तयार खेळाडू विकत घेणं परवडेना, मग आपलेच घडवायचे! या कामात गिब्सन यांच्या जोडीला होते क्लबचे सचिव वॉल्टर क्रिकमर. मुजॅकमधून आलेला जॉन अ‍ॅस्टन १९४८ च्या एफए कप विजेत्या संघात होता. पुढे १९५२ मध्ये एफए यूथ कप सुरू झाला, आणि पहिली पाचही वर्षं तो युनायटेडच्याच पोरांनी नेला.

६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिकला विमान कोसळलं. आठ खेळाडू गेले; डंकन एडवर्ड्स तर जेमतेम एकवीस वर्षांचा. खेळाडूंची नावं आजही घेतली जातात. त्याच विमानात क्रिकमरही होते. तेही वाचले नाहीत.