बोली आणि चुकारा

हर्रास म्हटली की बोलीच आठवते. कोणी किती चढविली, कोणाच्या नावावर तुटली, याची चर्चा गावात चार दिवस पुरते. बोली तुटल्यावर पैसा हाती पडला की नाही, हे विचारणारा विरळा. आजकाल घरबसल्या ऑनलाइन लिलाव चालतात, आणि चढी बोली लावून ऐन वेळी पैसे न भरणारे ग्राहक तेथेही भेटतात. म्हणून पुष्कळांना वाटते की हे दुखणे नव्या काळाचे आहे. आपल्या वऱ्हाडचा कापूसबाजार पाहिला तर ते चांगले सव्वाशे वर्षांचे जुने निघते.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेना, आणि साऱ्यांची नजर आपल्या काळ्या जमिनीकडे वळली. खामगावचा रेल्वेफाटा १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला. कापसाचे असे राज्य सुरू झाल्यावर बाजाराला कायदा हवा होता. १८८६ मध्ये कारंज्याचा बाजार रेसिडेन्सीच्या हुकमाने नियमाखाली आला. कारंजे आज वाशीम जिल्ह्यात आहे, पण आमच्या दारव्हा आणि नेर भागाला ते अगदी शेजारचे. नंतर १८९७ मध्ये साऱ्या वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. आजच्या यवतमाळ जिल्ह्याला तेव्हा वणी जिल्हा म्हणत. यवतमाळ हे नाव १९०५ मध्ये आले.

या कायद्याने बाजाराची जागा ठरली, कमिटी आली, दलाल व मापाऱ्यांना परवाने आले. मात्र कमिटीत वरचष्मा व्यापाऱ्यांचा. बाजार शिस्तीत चालावा हा हेतू होता, आणि शिस्त कोणाच्या सोयीची, हे कमिटीत कोण बसले आहे त्यावरून ठरते.

आता हा व्यवहार कसा चाले, ते जरा नीट पाहा. सारी मेख तेथेच आहे. शेतकरी बैलगाडी घेऊन बाजारात येई. व्यापारी बोऱ्यात हात घालून मूठभर कापूस उपसून पाही आणि भाव ठरे. हिंदुस्थानात अनेक बाजारांत हा भाव रुमालाखाली, बोटे दाबून ठरवीत. ज्याचा माल, त्यालाच शेवटपर्यंत आकडा कळत नसे. भाव ठरला की गाडी जिनात जाई. तेथे काटा होई. मग बरेचदा दुसरी घासाघीस सुरू होई : वर माल चांगला दाखविला, खाली ओला निघाला, कवडी फार आहे. शेवटी गाडी रिकामी होऊन कापूस गंजीवर पडे.

येथे क्षणभर थांबा. गंजीवर पडलेला कापूस कोणाचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. शंभर गाड्यांचा माल एकत्र झाला. संध्याकाळपर्यंत त्याची रुई वेगळी, सरकी वेगळी. शेतकऱ्याच्या हाती राहिली फक्त एक चिठ्ठी.

कायदा अशा विक्रेत्याला विसरलेला नाही. १९३० च्या मालविक्री कायद्यात ज्याला पैसे मिळाले नाहीत त्या विक्रेत्याचे हक्क स्पष्ट दिले आहेत. पैसे मिळेपर्यंत माल अडवून ठेवावा. वाटेत असेल तर थांबवावा. ठरलेल्या रीतीने दुसऱ्याला विकावा आणि तोटा पहिल्या ग्राहकाकडून मागावा. घड्याळ, पुस्तक, जुने नाणे असे काही ऑनलाइन विकणाऱ्याला हे सहज साधते. वस्तू घरच्या कपाटातच असते. पैसे आले नाहीत तर पुन्हा लिलावाला मांडायची. परंतु माल एकदा ग्राहकाच्या रीतसर ताब्यात गेला की अडवून ठेवण्याचा हक्क संपतो. कापूसवाल्याचा तो गाडी रिकामी होताच संपतो. पुढे उरतो तो दावा, आणि दाव्याला वकील लागतो.

याच्याशेजारी दुसरा एक लिलाव ठेवून पाहा. सावकाराचे देणे फिटले नाही आणि कोर्टाने त्याच शेतकऱ्याचे शेत लिलावात काढले, तर १९०८ ची दिवाणी संहिता काय सांगते? ज्याची बोली कायम झाली त्याने चौथाई रक्कम जागच्या जागी भरावी, उरलेली पंधरा दिवसांत. न भरल्यास लिलाव पुन्हा, अनामत जप्त होऊ शकते, आणि दुसऱ्या लिलावात कमी आले तर ती तूट पहिल्या बोलीवाल्याकडून वसूल. समजा, वीस क्विंटल कापूस सात हजार रुपये भावाने गेला. एक लाख चाळीस हजार झाले. कोर्टाचा नियम असता तर पस्तीस हजार काटा होण्याआधीच मिळाले असते. शेत विकताना जो कायदा इतका सावध, तो कापूस विकताना इतका भोळा का राहिला? मला याचे उत्तर एकच दिसते : तेथे पैसा सावकाराला मिळायचा होता.

१९२८ मध्ये शेतकी रॉयल कमिशनने नियंत्रित बाजारांची शिफारस केली. त्यानंतर मध्यप्रांतात १९३२ चा कापूस बाजार कायदा व १९३५ चा शेतमाल बाजार कायदा आले, आणि महाराष्ट्र झाल्यावर १९६३ चा. उघडी बोली, परवानेदार अडत्या, त्याची हमी, चोवीस तासांत चुकारा, असा दंडक बसला. दंडक चांगलाच आहे. पण 'उद्या या, बँक बंद आहे' हे वाक्य त्याच्याहून जुने आहे.

१९७२ मध्ये सरकारनेच एकाधिकार कापूस खरेदी सुरू केली. बोली बंद, ग्राहक एकच. हा ग्राहक पळून जाणारा नव्हता, एवढे खरे. मात्र रक्कम हप्त्यांनी येई आणि चुकारे लांबत. रोख पैशाची गरज असली, किंवा तिकडे भाव बरा दिसला, की पांढरकवड्याकडच्या गाड्या पैनगंगा ओलांडून आदिलाबादकडे वळत. सरकारी भाषेत ती चोरटी वाहतूक. ज्याच्या घरी लग्न काढले आहे त्याची भाषा अर्थातच वेगळी असणार.

१४ एप्रिल २०१६ रोजी 'ई-नाम' हा राष्ट्रीय ऑनलाइन बाजार सुरू झाला. रुमाल गेला, आकडा पडद्यावर आला, ही मोठीच सुधारणा म्हटली पाहिजे. २०२० च्या केंद्रीय कायद्याने तर बाजाराबाहेर पॅन कार्ड असलेल्या कोणालाही शेतमाल खरेदीची मुभा दिली. पैसे त्याच दिवशी, फार तर तीन कामकाजाच्या दिवसांत द्यावयाचे. पॅन कार्डावरून माणूस ओळखता येतो, त्याची ऐपत नाही. त्याच वर्षी धुळे जिल्ह्यातील एका शेतकऱ्याचा मका तीन लाख बत्तीस हजारांना ठरला, पंचवीस हजार आगाऊ मिळाले आणि बाकी चार महिने अडकली. त्याने या कायद्याखाली तक्रार केली व पैसे वसूल केले; पंतप्रधानांनी नोव्हेंबरातील 'मन की बात' मध्ये त्याची गोष्ट सांगितली. कायदा २०२१ मध्ये रद्द झाला. पण त्या गोष्टीतही पाहा, मका आधी गेला होता, पैसा मागून आला.

तेव्हा यंदा ज्यांची गाडी बाजारात जाणार आहे त्यांनी काट्यावरच पक्की हिशोबपट्टी मागून घ्यावी. तिच्यावर भाव, वजन, कपात, खरेदीदाराचे नाव आणि तारीख असावी. कच्च्या चिठ्ठीवर यातले बहुधा दोनच आकडे असतात, आणि तक्रार घेऊन गेले की बाजार समितीत पहिला प्रश्न येतो तो खरेदीदार कोण, हाच.