ठाणें जिल्ह्यांतील राखीव जंगलें व राबाचा वाद

भिवंडीच्या इतिहासांत खाडीवरील व्यापार व हातमाग यांची चर्चा पुष्कळ होते. जंगलाचा वाद मात्र मागें राहतो. वस्तुतः येथील व्यापारांत भाताबरोबर गवत व लांकूड यांनाही स्थान होतें.

इ. स. १८७८ च्या जंगल कायद्यानें सरकारी जंगलांचे राखीव, संरक्षित व ग्रामवन असे वर्ग पाडले. राखीव जंगलांत परवान्यावांचून झाड तोडणें, छाटणें वा पाला काढणें हा गुन्हा ठरला. याचा आघात राबावर झाला. कोंकणांतील शेतकरी टहाळ, पाला, गवत व शेण यांचे थर पावसाळ्यापूर्वीं जाळून त्या राखेंत भाताचें बीं पेरतो व पुढें रोपें उपटून लावतो. टहाळ बंद झाला तर पीक बुडेल, असें रयतेचें म्हणणें. दरसाल छाटणीनें झाड खुंटतें, असें जंगलखात्याचें म्हणणें. सरकारास लांकूड व महसूल हवा होता, रयतेस राख.

तंटा इतका वाढला कीं, ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठीं मुंबई सरकारास १८८५ सालीं कमिशन नेमावें लागलें. त्याचा अहवाल १८८७ सालीं निघाला.

पुढें २००६ च्या वनहक्क कायद्याच्या प्रस्तावनेंत वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचें संसदेनें मान्य केलें. तो अन्याय नेमका कसा घडला हें समजण्यास उपरोक्त कमिशनचे कागद उपयोगी पडतात. जिल्ह्याच्या अभ्यासकांनीं ते गांववार ताडून पाहावे, अशी विनंती आहे.