एकाच फाटकातून

वादी कबीरला राहणाऱ्या मराठी ख्रिस्ती कुटुंबाला उपासनेसाठी लांब जावे लागत नाही. शेजारच्या रुवीत, सुलतान काबूस यांनी दिलेल्या जमिनीवर संत पीटर आणि पॉल यांचे कॅथलिक चर्च १९७७ पासून उभे आहे. त्याच आवारात प्रॉटेस्टंट मंडळीही भरते. मोठी उपासना शुक्रवारी, कारण सुट्टी शुक्रवारी. वसईचा कॅथलिक आणि नगरचा प्रॉटेस्टंट महाराष्ट्रात सहसा एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. इथे ते एकाच फाटकातून आत शिरतात.

मुळात ही माणसे वेगळी का झाली? वसईला पोर्तुगीज काळात कॅथलिक धर्म आला. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये नगरला पोहोचले. नाशिक भागात इंग्लंडची चर्च मिशनरी सोसायटी, तर पुणे-जालन्याकडे स्कॉटिश मिशन. एकमेकांच्या कामात अडथळा नको म्हणून मिशनांनी प्रदेश वाटून घेतले. परिणामी कोण कोणत्या पंथाचा, हे बहुधा त्याच्या गावाने ठरवले. युरोपातील ज्या भांडणांतून हे पंथ जन्मले, त्यांच्याशी गोदाकाठच्या शेतकऱ्याचा काय संबंध?

हा प्रश्न मराठी ख्रिस्ती लोकांनीच आधी विचारला. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन पंथात झाला, पण एका पंथाच्या चौकटीत त्या मावल्या नाहीत. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये प्रार्थना आणि काम अशी दोन खाती नव्हती. शेती, विणकाम, छपाई हाच तिथला दिनक्रम होता. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतरही तिथल्याच छापखान्यात छापले गेले. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या सगळ्या ख्रिस्तभक्तांना त्यात बोलावले. सावता माळ्याच्या मळ्यात विठ्ठल पाहणाऱ्या समाजाला रोजच्या कामात देव भेटतो, हे वेगळे शिकवावे लागत नव्हते.

पुढे संस्थांनीही पाऊल उचलले. १९२९ मध्ये लखनौला सुरू झालेल्या वाटाघाटी ४१ वर्षे चालल्या. अखेर २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. नगरच्या मिशनची मंडळी आणि नाशिकचे अँग्लिकन एका छताखाली आले. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट मात्र अगदी शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिले, आणि कॅथलिक तर त्या बोलणीत नव्हतेच.

मस्कतची गोष्ट अशीच, पण उलट्या दिशेने घडलेली. लाहोरचे माजी अँग्लिकन बिशप थॉमस व्हॅल्पी फ्रेंच इथे १८९१ मध्ये वारले. दोन वर्षांनी पीटर झ्वेमर हे अमेरिकन रिफॉर्म्ड मिशनरी इथे कामाला आले. आज ओमानची प्रॉटेस्टंट मंडळी अँग्लिकन आणि रिफॉर्म्ड अशा दोन्ही परंपरा मिळून चालवतात. इथे आधी एकत्र राहणे आले, मसुदे नंतर.

१८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना सप्ताह. १९०८ मध्ये पॉल वॉटसन यांनी तो सुरू केला, तेव्हा सर्वांनी रोमकडे यावे हा हेतू होता. १९३० च्या दशकात फ्रान्सचे पाद्री पॉल कुतुरिए यांनी ती प्रार्थना बदलली: ऐक्य व्हावे, पण ख्रिस्ताला हवे तसे आणि त्याला हव्या त्या मार्गाने. या एका बदलामुळे कुणालाही आपले घर न सोडता ही प्रार्थना करता येऊ लागली.

तरीही एक दुखरी जागा उरतेच. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट आजही एका वेदीवर भाकर वाटून घेत नाहीत. मिश्र विवाहाच्या घरात नवरा एका दाराने जातो, बायको दुसऱ्या. आवार एक असणे म्हणजे ऐक्य नव्हे. जागेची टंचाईही माणसांना जवळ आणते. पण शेजाऱ्याची उपासना संपेपर्यंत बाहेर शांत थांबणे, त्याच्या आजारपणात डबा पोचवणे, त्याच्या मुलासाठी आपल्या प्रार्थनेत नाव घेणे, हे टंचाई करून घेत नाही. नागपूरला जे ४१ वर्षांनी कागदावर आले, त्याची सुरुवातही अशाच शेजारातून झाली असणार. परदेशातल्या आपल्या पिढीला मसुदे लिहायचे नसतील कदाचित. शेजार मात्र रोज हाताशी आहे.