स्वीडनमधील तांबडीं घरें

स्वीडन देशाचें नांव निघालें कीं बर्फ, सूचिपर्णी वृक्षांचीं अरण्यें आणि त्या अरण्याच्या कडेला उभें असलेलें एखादें तांबडें, पांढऱ्या चौकटींचें लांकडी घर, असें चित्र डोळ्यांपुढें येतें. हा तांबडा रंग तेथील साध्याभोळ्या शेतकऱ्यांचा, पिढ्यानपिढ्या चालत आलेला, असा सामान्य समज आहे. त्याचा इतिहास पाहूं गेल्यास मात्र निराळीच हकीकत हातीं येते. जो रंग आज निष्कपट ग्रामीण जीवनाची खूण मानिला जातो, तो मूळचा श्रीमंतांच्या बतावणीचा रंग होता. आणि त्याचा जन्म शेतांत नव्हे, तर एका खाणीच्या उकिरड्यावर झाला.

ही खाण दालार्ना प्रांतांतील फालुन गांवची. तेथें तांबें निघत असे. १२८८ सालच्या एका दस्तऐवजांत एका बिशपानें या खाणीचा आठवा हिस्सा परत मिळविल्याची नोंद आहे. म्हणजे इतक्या पूर्वींही तिची मालकी हिश्श्यांनीं वांटलेली होती. सतराव्या शतकांत खाण ऐन भरांत होती आणि यूरोपांतील तांब्याचा फार मोठा भाग तेथूनच पुरविला जाई. घरचें तांबें इतकें विपुल कीं, १६४४ सालीं सरकारनें तांब्याच्या चौकोनी पत्र्यांचींच नाणीं पाडलीं. त्यांतील दहा दालरच्या नाण्याचें वजन एकोणीस किलोग्रॅमहून अधिक भरे! असला ऐवज घेऊन बाजारास जाणारांना थैलीऐवजीं हमालच सोबत न्यावा लागत असला पाहिजे.

परंतु या वैभवाची दुसरी बाजू पाहिल्याशिवाय आमच्या विषयाचा उलगडा होणार नाहीं. तांब्याच्या दगडांत गंधक असतें, आणि तें उडवून लावण्यासाठीं तो दगड सरपणाच्या राशींवर कित्येक दिवस भाजावा लागे. त्या धुरानें आसमंतांतील झाडेंझुडपें करपून गेलीं होतीं. प्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस १७३४ सालीं खाणींत उतरला, तेव्हां त्याला नरकाची आठवण झाली. त्यापूर्वीं, १६८७ सालीं, आंत वाटेल तसें पोखरल्यामुळें खाणीचा मोठा भाग एकदम कोसळून भलें मोठें विवर पडलें. तो दिवस उन्हाळ्याच्या मोठ्या सणाचा होता व कामकरी सुटीवर होते, म्हणून कोणी दगावलें नाहीं.

ज्या दगडांत तांबें फारच थोडें, तो दगड खाणीबाहेर टाकून देत. शतकानुशतकें साठलेले हे ढीग ऊनपावसानें कुजत, आणि त्यांतील लोखंडाचा गंज होऊन तांबूस-पिंवळी माती बने. ती धुऊन, वाळवून भाजली म्हणजे गडद तांबडी भुकटी होते. आपल्याकडील गेरू किंवा काव म्हणतात, त्याच जातीचा हा पदार्थ. तुळशीवृंदावनाला जें द्रव्य लावितात, तेंच तिकडे अख्ख्या घराला लावितात, असें म्हटल्यास फारसें वावगें होणार नाहीं. फरक इतकाच कीं फालुनच्या मातींत गारेचा अंश आणि तांबें-जस्ताचे क्षार मिसळलेले असतात.

या रंगाचा उपयोग सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तिसऱ्या योहान राजानें राजवाड्याच्या छपरासाठीं केल्याचा उल्लेख आढळतो. त्याचा खरा प्रसार मात्र सतराव्या शतकांत झाला. हॉलंड व उत्तर जर्मनी या देशांत थोरामोठ्यांचे वाडे पक्क्या विटांचे. तीस वर्षांच्या युद्धांत (१६१८–१६४८) तिकडील मुलूख पाहून आलेल्या स्वीडिश सरदारांस आपले ओंडक्यांचे व फळ्यांचे वाडे हिणकस वाटूं लागले असल्यास नवल नाहीं. वीट महाग, लांकूड मात्र मागाल तितकें. तेव्हां लांकडालाच विटेचा रंग चढला. दुरून पाहणाराला भिंत विटेची वाटावी, एवढाच हेतु! गरीब शेतकऱ्याच्या घराला त्या काळीं रंगच नसे. तें ऊनपावसानें करडें पडलेलें असे, आणि त्या करड्या रंगांत त्याला कसली लाजही वाटत नव्हती.

फालुन येथें रंगाचा रीतसर कारखाना १७६४ सालीं निघाला. पुढें एकोणिसाव्या शतकांत शहरांतील हवा पालटली. आतां विटेपेक्षां दगड प्रतिष्ठित ठरला, आणि सधन लोक आपल्या लांकडी भिंतींना पिंवळे व पांढरे तेलरंग देऊं लागले. वरच्यांनीं टाकिलेलें वस्त्र खालच्यांनीं उचलावें, तसा तांबडा रंग याच काळांत खेड्यापाड्यांत आणि कुळांच्या झोपड्यांवर पसरला. १८९९ सालीं कार्ल लार्सन या चित्रकारानें फालुनजवळच्या सुंडबोर्न येथील आपल्या घराचीं चित्रें पुस्तकरूपानें प्रसिद्ध केलीं, तोंवर तांबडें घर हें स्वीडिश मनाचें माहेर बनलें होतें. पिकाच्या व जमिनीच्या टंचाईमुळें लक्षावधि माणसें अमेरिकेस निघून गेलीं, त्यांच्या आठवणींतही तेंच घर राहिलें. मागें राहिलेल्या घरांत पोटाला पुरेसें नव्हतें, ही गोष्ट मात्र चित्रांत सहसा दिसत नाहीं.

आतां हा रंग लांकडाला राखतो कसा, तें पाहूं. तो करण्याची कृति स्वयंपाकासारखीच आहे. मोठ्या कढईंत पाणी उकळून त्यांत हिराकस विरघळवितात — आपल्याकडे हिरड्याबरोबर शाईसाठीं वापरीत, तोच हिराकस. मग राय नांवाच्या गव्हासारख्या धान्याचें पीठ हळूहळू घालून त्याची खळ शिजवितात. त्यांत तांबडी भुकटी, आणि शेवटीं थोडें जवसाचें तेल. खळीनें रंग धरून राहतो, हिराकसानें बुरशीला आळा बसतो. परंतु मुख्य गुण निराळाच आहे. हा रंग लांकडावर पापुद्रा धरीत नाहीं. पावसाचें पाणी फळीत शिरलें तरी वाऱ्याऊन्हानें तें आल्या वाटेनें परत जातें. रंग झिजतो तोही भुकटी होऊन; टेंकून बसणाऱ्याच्या कपड्याला थोडा प्रसाद मिळतो खरा, पण जुनी फळी पुन्हा रंगवितांना ती खरवडून काढण्याची यातायात पडत नाहीं. राठ कुंच्यानें सुटी धूळ झाडली कीं दुसरा हात देतां येतो. फळी मात्र करवतीची, खरखरीत पाहिजे. रंधा मारून गुळगुळीत केलेल्या फळीवर हा रंग नीट बसत नाहीं.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत याच छटेचे नवे, प्लॅस्टिकसारखी त्वचा धरणारे रंग बाजारांत आले. ते कपड्याला लागत नाहींत, आणि पहिलीं कांहीं वर्षें दिसतातही झकपक. परंतु फळीच्या सांध्यांतून किंवा खिळ्याच्या भोंकांतून पाणी आंत गेलें कीं तें त्या त्वचेमागें कोंडून राहतें. वरून घर तांबडें व देखणें, आंतून लांकूड भुसभुशीत. शिवाय अशी त्वचा एकदां बसली कीं ती संपूर्ण काढल्याखेरीज त्या भिंतीला जुना रंग पुन्हा लावितां येत नाहीं. सरदारांनीं विटेचें सोंग घेतलें, त्यानें लांकडाचें कांहीं बिघडलें नाहीं, उलट भलेंच झालें. त्या सोंगाचें हें दुसरें सोंग मात्र लांकडाच्या मुळावर आलें.

फालुनची खाण १९९२ सालीं बंद झाली, आणि २००१ सालीं युनेस्कोनें तिला जागतिक वारशांत स्थान दिलें. तांबें निघावयाचें थांबलें. तथापि बाहेर टाकून दिलेल्या दगडांचे ढीग शिल्लक आहेत, आणि रंगाची भुकटी अद्यापि त्यांतूनच तयार होते.