सोनखत कुणाचे, टोपली कुणाची?

माणसाच्या मैल्यापासून होणाऱ्या खताला मराठीत 'सोनखत' म्हणतात. मैल्याचे सोने झाले. तो टोपलीत भरून डोक्यावर वाहणाऱ्याच्या वाट्याला मात्र अस्पृश्यताच आली. म्हणून 'घरच्या घरी मैल्याचे खत करा' असे कुणी सांगितले की आम्ही आधी विचारतो : खड्डा उपसणार कोण?

१९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पा पटवर्धनांनी संडास सफाईचे काम मागितले. ते नाकारले गेले, म्हणून त्यांनी उपवास केला. ब्राह्मणाने स्वतः हात घातला, हे आम्ही नाकारत नाही. पण बाबासाहेबांचा आक्षेप मुळावर होता. भारतात माणूस कामामुळे नव्हे, जन्मामुळे भंगी ठरतो; अशा माणसाला त्याच कामाची थोरवी सांगणे ही क्रूर थट्टा आहे. स्वेच्छेने केलेले काम व्रत होते, जन्माने लादलेले काम गुलामी.

तंत्राने वाट काढली ती दोन खड्ड्यांच्या संडासाची. बिंदेश्वर पाठक यांच्या 'सुलभ'ने १९७० पासून त्याचा प्रसार केला. एक खड्डा भरला की तो बंद करायचा आणि दुसरा वापरायचा. दीड-दोन वर्षांत पहिल्यातला मैला कुजून मातीसारखा, वास नसलेला होतो. तरीही गावोगावचे सवर्ण असा संडास टाळतात, कारण कधीतरी खड्डा उपसावा लागेल आणि 'ते काम आपले नव्हे'! अडचण खड्ड्याची नाही, डोक्यातल्या जातीची आहे.

६ डिसेंबर २०१३ रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा नवा कायदा लागू झाला. अस्वच्छ संडासातला मैला पूर्ण कुजण्याआधी तो काढायला माणूस लावणे हा आज गुन्हा आहे.

तेव्हा ज्यांना सुरुवात करायची आहे, त्यांनी जरूर करावी. विहिरीपासून दूर दोन खड्डे घ्या, भिंतीचे वीटकाम जाळीदार ठेवा, तळ सिमेंटने बंद करू नका. खड्डा बंद केल्याची तारीख झाकणावर लिहा आणि दोन वर्षे झाल्याशिवाय ते उघडू नका. मग फावडे घरातल्यांनीच धरा, घरातल्या पुरुषांनी आधी. खत आपल्याच झाडांना घाला.

ज्या दिवशी फावडे धरायला वस्तीतल्या कुणाला हाक माराल, त्या दिवशी ते सोनखत राहणार नाही. ती जुनीच टोपली असेल.

जय भीम!