वारणेच्या उगमाकडील घाटवाटा आणि मुकर्रबखानाची दौड

सह्याद्रीच्या ज्या भागांत वारणा नदी उगम पावते, त्या भागाचा उल्लेख शिवकालीन व शंभुकालीन कागदपत्रांच्या अभ्यासांत वारंवार येतो. परंतु तेथील वाटांचा स्वतंत्र विचार फारसा झालेला नाहीं. सांगली, सातारा, कोल्हापूर व रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या सीमा येथें एकमेकींस भिडतात. या मुलखाचा मोठा भाग 1985 सालीं अभयारण्य झाला, 2004 सालीं त्यास चांदोली राष्ट्रीय उद्यान हें रूप मिळालें, आणि 2010 सालीं कोयनेच्या अभयारण्यासह तो सह्याद्री व्याघ्र प्रकल्पांत गेला. उद्यानाचें क्षेत्र 317.67 चौरस किलोमीटर आहे. वन्य पशूंच्या रक्षणासाठीं ही योजना झाली हें योग्यच आहे. मात्र जुन्या वाटांच्या अभ्यासकास आतां परवानगीवांचून आंत पाऊल टाकतां येत नाहीं, व ज्यांच्या पायांनीं त्या वाटा जिवंत होत्या ते लोकहि तेथें राहिलेले नाहींत.

प्रथम भूमीचें स्वरूप ध्यानीं घेतलें पाहिजे. पूर्वेकडून, म्हणजे वारणेच्या खोऱ्यांतून, चढ हळूहळू होत जातो. वर जांभ्या दगडाचे विस्तीर्ण सडे लागतात. त्यांपैकीं झोळंबीचा सडा विशेष प्रसिद्ध आहे. या सड्यांवर पावसाळ्यांत पाणी सांचतें आणि कडेस येऊन खालीं उड्या घेतें. कंधारचा धबधबा व त्याखालचा डोह हा यांतलाच प्रकार. पश्चिमेकडे मात्र डोंगर एकाएकीं तुटतो व शास्त्री नदीच्या खोऱ्यांतील शृंगारपुरासारखीं गांवें थेट कड्याच्या पायथ्याशीं दिसूं लागतात. घाटवाट येथें दोनच ठिकाणांनीं उतरूं शकते: एक तर डोंगराच्या सोंडेवरून, नाहीं तर पाण्यानें कोरलेल्या नाळेंतून. सोंडेची वाट लांब पण जनावरांस सोयीची. नाळेची वाट जवळची, पण पावसाळ्यांत तीच धबधबा होते. म्हणून कोणत्याहि स्वारीचा घाट ठरवितांना आधीं तिचा महिना पहावा व मग नकाशा उघडावा, असें आम्हांस वाटतें.

कुंभार्ली घाटाच्या दक्षिणेस मळा, दक्षिण तिवरा, कुंडी व आंबा असे घाट क्रमानें येतात. कुंडीच्या तोंडाशीं महिमतगड उभा आहे. शृंगारपुराच्या माथ्यावर प्रचितगड आहे; त्याची वाट इतकी उभी कीं आज शेवटचा टप्पा शिडीनें चढावा लागतो. गडावर भवानीचें देऊळ, खांब ठेवून खोदलेलें पाण्याचें टांकें व कांहीं तोफा आहेत. शृंगारपूर हें सुर्व्यांचें ठाणें. 1661 सालीं सूर्यराव सुर्व्यानें संगमेश्वरीं रात्रीं छापा घातला, तेव्हां तानाजी मालुसऱ्यानें पळूं पाहणाऱ्या पिलाजी नीळकंठरावास दोरानें दगडाशीं बांधून घातलें व स्वतः झुंज दिली, ही कथा ‘शिवभारता’च्या वाचकांस ठाऊक आहेच. त्याच वर्षीं शिवाजी महाराजांनीं शृंगारपूर घेतलें.

आतां मुख्य प्रश्न. शके 1610 माघ वद्य 7, म्हणजे 1 फेब्रुवारी 1689 रोजीं संभाजी महाराज संगमेश्वरीं मुकर्रबखानाच्या हातीं सांपडले. खान कोल्हापुराकडून आला, याविषयीं वाद नाहीं. तो कोणत्या घाटानें उतरला, याविषयीं मात्र लेखकांचा एकमेळ नाहीं. कोणी आंबा घाट धरतात, कोणी वर सांगितलेल्या उत्तरेकडील घाटांपैकीं एखादा, तर कोणी प्रचितगडाच्या बगलेची वाट पुढें करितात. साकी मुस्तैदखानाची ‘मआसिर-इ-आलमगिरी’ 1710 च्या सुमारास पुरी झाली. खाफीखानाचा ग्रंथ त्याहून बराच नंतरचा. घाट फार बिकट होते असें दोघेहि म्हणतात. घाटाचें नांव दोघांपैकीं एकहि देत नाहीं. बिकट या विशेषणावरून आडवाट सिद्ध करणें हें आम्हांस मान्य नाहीं. उत्तरेंतील सपाटीवर वाढलेल्या लेखकास सह्याद्रीचा राजमार्गहि बिकटच वाटणार.

अंतराचाहि आधार असाच डळमळीत आहे. ‘मआसिर’कार 45 कोस सांगतो. दोन मैलांचा कोस धरला तर हे 90 मैल होतात, आणि आंबा घाटानें कोल्हापूर ते संगमेश्वर आजच्या रस्त्यानें सुमारें 120 किलोमीटर, म्हणजे 75 मैल भरतें. हा जो फरक उरतो, तो आडवाटेचा वळसा होय असें म्हणण्याचा मोह होतो. परंतु दौडीचे कोस दोरीनें मोजलेले नसत, आणि कोसाचें मानहि सर्वत्र एक नव्हतें.

याहून भक्कम पुरावा घोड्यांचा आहे. खाफीखान दोन हजार स्वार व एक हजार पायदळ सांगतो. आंकडा फुगवलेला मानला तरी स्वारांची तुकडी होती हें नाकारतां येत नाहीं. आणि कैद्यांना घेऊन तिला पुन्हा घाट चढावयाचा होता. जेथें माणसास शिडी लागते तेथून घोडीं उतरलीं कशीं, याचें उत्तर प्रचितगडाच्या पक्षानें दिलेलें आम्हांस आढळलें नाहीं. महिना माघ असल्यामुळें नाळा कोरड्या होत्या, हें खरें. पण कोरडी नाळ म्हणजे घोडवाट नव्हे.

आंबा घाटाविरुद्ध मोठा आक्षेप असा कीं, हा मार्ग पन्हाळा व विशाळगड या दोन मराठी किल्ल्यांच्या टापूंतून जातो, तेव्हां खानाची बातमी फुटल्याशिवाय राहिली नसती. आक्षेप वजनदार दिसतो खरा, पण बातमी फुटली नाहीं हें त्यांतलें गृहीतच चुकीचें आहे. हेरांनीं खानाच्या येण्याची खबर दिली व ती मानली गेली नाहीं, असें खाफीखानच लिहितो. तात्पर्य, गुप्ततेच्या मुद्द्यावर आंबा घाट बाद होत नाहीं. हातीं असलेल्या साधनांवरून आमचा कल आंबा घाटाकडे आहे. त्याखालोखाल आम्ही कुंडीचा विचार करूं.

या वादास केवळ भूगोलाचें महत्त्व असतें तर आम्ही तो इतका लांबविला नसता. खानास वाट शिर्क्यांनीं दाखविली, असा आरोप परंपरेनें चालत आला आहे. शृंगारपुराकडे शिर्क्यांचें वजन होतें, म्हणून वाट शृंगारपुरावरून गेली. आणि वाट शृंगारपुरावरून गेली, म्हणून ती दाखविणारे शिर्के, असें हें वर्तुळ आहे. ‘मआसिर’मध्यें शिर्क्यांचें नांव येतें, पण तें संभाजी महाराजांशीं झालेल्या त्यांच्या झगड्याच्या संदर्भांत. वाटाड्या म्हणून तें तेथें नाहीं, खाफीखानांतहि नाहीं. वैर होतें एवढ्यावरून एका घराण्याच्या माथीं एवढा मोठा दोष ठेवणें, आणि तो ठेवण्यासाठीं घोड्यांना कड्यावरून उतरविणें, हें संशोधनाच्या रीतीस धरून नाहीं.

राहतां राहिला साधनांचा प्रश्न. वारणेवरील धरणाच्या जलाशयामुळें व पुढें उद्यानामुळें खोऱ्यांतील वस्ती उठली. झोळंबी, गोठणें, रुंदिव हीं नांवें आतां बहुधा नकाशांतच उरलीं. तेथील कुटुंबें निरनिराळ्या वसाहतींत विखुरलीं, आणि अमुक नाळेनें बैल उतरतो, तमुक सोंडेवर पाणी लागतें, हें सांगणारे वृद्ध थोडे राहिले. त्यांची माहिती गांववार लिहून घेणें हें काम उद्यानाच्या हद्दीबाहेर राहूनहि होण्यासारखें आहे. दुसरें काम संग्राहकांचें. या टापूंतील महजर, इनामपत्रें व जकातीचे कागद ज्यांच्या दप्तरांत असतील, त्यांनीं शिक्के व मायने यांबरोबर चतुःसीमेचा मजकूरहि उतरून घ्यावा. चतुःसीमा सांगतांना वाट, ओढा, खिंड व चौकी यांचीं नांवें येतात. आणि मळा, तिवरा किंवा कुंडी या घाटांवर जनावरांची जकात घेतल्याचा एकादा अस्सल कागद निघाला, तर घोडीं कोठून उतरूं शकत होतीं हा मुद्दा नव्यानें तपासावा लागेल.